मराठी शासन निर्णयांवर शोधप्रणाली: संशोधन कोणत्या क्रमाने करायचं

दर जानेवारीत मुंबईतल्या कुठल्या तरी अभियांत्रिकी कॉलेजचे विद्यार्थी लॅपटॉप घेऊन येतात. पडद्यावर मराठीत प्रश्न टाइप केला की खाली उत्तर उमटतं. अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर आहे, असं सांगतात. मी विचारते, हे टक्के कशाचे? किती प्रश्नांचे, आणि ते प्रश्न कोणी लिहिले? मग कळतं की प्रश्न त्यांनीच, समोर कागद उघडून, आदल्या आठवड्यात लिहिले होते. सहा-सात महिन्यांची खरी मेहनत असते आणि तिच्यातून काहीच सिद्ध होत नाही. मुलं हुशार असतात. त्यांचा फक्त क्रम चुकलेला असतो, म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

उदाहरण एकच धरू. महाराष्ट्र शासनाचे घरांविषयीचे शासन निर्णय गोळा करायचे, मुंबईकराने आपल्या शब्दांत विचारलेल्या प्रश्नाला त्यातला योग्य निर्णय शोधायचा आणि त्याच्या आधारे उत्तर द्यायचं. तुमचा विषय शेती किंवा आरोग्य असला तरी टप्पे हेच राहतील.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"मराठीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित शोधप्रणाली" हे प्रकल्पाचं नाव झालं. संशोधनाच्या प्रश्नाला "नाही" असं उत्तरही येऊ शकलं पाहिजे. उदाहरणार्थ: "लोक बोलीतले शब्द वापरतात आणि शासन निर्णयांत कार्यालयीन शब्द असतात. अशा वेळी अर्थावर चालणारा शोध शब्द जुळवणाऱ्या शोधापेक्षा योग्य कागद वर आणतो का?" हे तपासता येतं आणि खोटंही ठरू शकतं.

याच वेळी संशोधनाची जातही ठरवा. दोन पद्धतींची तुलना करायची, की नवी पद्धत बांधायची, की माणसं प्रणाली कशी वापरतात ते पाहायचं, की आहे ती प्रणाली कुठे आणि का चुकते ते शोधायचं? पदव्युत्तर पातळीवर मी तुलना किंवा चुकांचा अभ्यास सुचवते. चार-पाच महिन्यांत तो प्रामाणिकपणे पुरा होतो. नवी पद्धत बांधणाऱ्यालाही शेवटी तुलना करावीच लागते.

तपासणी: वाक्य घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा. "मग कोणता शोध चांगला, हे तू ठरवणार कसं?" असं त्यांनी विचारलं, तर वाक्य जमलं.

## टप्पा २: कागद गोळा करा, आणि त्यांची वही ठेवा

शासन निर्णय पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळावर मिळतात. सगळे विभाग ओढून आणू नका. गृहनिर्माण आणि नगरविकास हे दोन विभाग आणि ठरावीक वर्षं पुरे. सर्व्हरवर भार येणार नाही इतक्या संथपणे उतरवा. प्रत्येक फाइलसमोर विभाग, दिनांक, शासन निर्णयाच्या शेवटी छापलेला संकेतांक आणि तुम्ही ती उतरवल्याची तारीख लिहा. संकेतांक हीच त्या कागदाची ओळख, फाइलच्या नावावर विसंबू नका.

आता तीन गोष्टी पाहा, कारण पुढचे निम्मे घोटाळे इथूनच येतात.

पहिली, जुळे कागद. "अस्थायी पदे पुढे चालू ठेवण्याबाबत" या विषयाचे निर्णय ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा निघतात. मजकूर जवळपास तोच, फक्त तारखा बदललेल्या. असे कागद शोधून त्यांची कुटुंबं करा. पुढे सराव (मॉडेल शिकवायला) आणि परीक्षा (शेवटी तपासायला) असे गट पाडताना अख्खं कुटुंब एकाच बाजूला गेलं पाहिजे. फासे टाकल्यासारखी वाटणी केली, तर मॉडेल सरावात पाहिलेलाच कागद परीक्षेत ओळखतं आणि आकडा फुगतो.

दुसरी, "वाचा" हा भाग. वरच्या बाजूला आधीच्या निर्णयांची यादी असते. शोधलेला शब्द नुसत्या त्या यादीत असेल, तर कागद त्या विषयावरचा नसतो. हा भाग वेगळ्या रकान्यात ठेवा.

तिसरी, रद्द झालेले निर्णय. "अधिक्रमित करण्यात येत आहे" हे शब्द आणि शुद्धिपत्रकं शोधून कोणता कागद कोणाला मागे टाकतो ते नोंदवा. मुंबईत छोट्या घरांच्या मालमत्ता कराचंच घ्या. २०१९ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता. २०२२ पासून मालमत्ता कर पूर्ण माफ झाला. जुना कागद खरा आहे, पण आज विचारणाऱ्याला त्याच्यावरून दिलेलं उत्तर चूक आहे.

## टप्पा ३: अक्षरं साफ करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. याच टप्प्यावर विद्यार्थी सर्वांत जास्त घाई करतात.

आधी पीडीएफमधला मजकूर खरोखर मराठी म्हणून बाहेर येतो का ते पाहा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला कागद पडद्यावर नीट दिसतो आणि कॉपी केला की रोमन अक्षरांचा चिवडा निघतो. काही कागद युनिकोडमध्ये असूनही त्यांची वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. काही नुसते स्कॅन असतात. तिन्ही प्रकार वेगळे करा. पहिल्याला फाँट बदलणारा प्रोग्राम चालतो. बाकी दोन्हींसाठी पानाचं चित्र करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी मॉडेलने वाचणं बहुतेक वेळा सोपं पडतं.

मग एकाच शब्दाची निरनिराळी रूपं एक करा. "दुसऱ्या" मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी नुक्त्याचा ऱ वापरतं, कुणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही एकच, संगणकाला मात्र दोन निराळे शब्द. "ॲ" सुद्धा एक अक्षर म्हणून येतो, नाहीतर अ आणि वर चंद्र असा दोन तुकड्यांत. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवलं तरी हे फरक उरतात. त्यांचे नियम हाताने लिहावे लागतात. देवनागरी आणि इंग्रजी आकडेही एकाच लिपीत आणा.

सावधान: शब्द तोडणारं साधन मात्रा गिळतं. पायथनच्या साध्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्रांत) "शब्दातलं अक्षर" या चिन्हात काना, मात्रा, उकार, अनुस्वार मोजले जात नाहीत. पायथनच्या सायकिट-लर्न या साधनसंचातलं शब्द मोजणारं साधन मूळ मांडणीत वापरलंत, तर "मुंबई"चं "बई" उरतं आणि "शाळा" व "पाणी" हे शब्द समूळ नाहीसे होतात. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. प्रोग्राम चालतो, आकडा मिळतो आणि तो प्रबंधात जातो. गूगलच्या बर्ट या भाषामॉडेलच्या जुन्या बहुभाषिक रूपाच्या, रोमनमधली मोठी-लहान अक्षरं एक करणाऱ्या आवृत्तीतही असाच दोष आहे. ती काही स्वरचिन्हं आणि अनुस्वार पुसते आणि "मुंबई"चं "मबई" करते.

तपासणी: मुंबई, शाळा, पाणी, दुसऱ्या, ॲप, हक्क, कर्तृत्व हे सात शब्द प्रत्येक साधनातून आत घाला आणि बाहेर काढा. जसेच्या तसे परत आले तरच पुढे जा. पाच मिनिटांचं काम आहे, पण माझ्या एका विद्यार्थिनीचे तीन महिने याने वाचले असते.

यानंतर प्रत्यय. मराठीत "इमारत" हा शब्द इमारतीचा, इमारतींना, इमारतीसाठी अशा कितीतरी रूपांत येतो आणि "रस्ता"चं सामान्यरूप होऊन "रस्त्यावर" बनतं. प्रत्यय कापणारा नियम लावावा लागतो, पण आंधळेपणाने नाही. शेवटचा "ला" आणि "ने" सरसकट कापले की "महिला" आणि "महिने" दोन्ही "महि" होतात. मग महिलांच्या सवलतीबद्दल विचारणाऱ्याला थकबाकीच्या महिन्यांचे कागद मिळतात. किमान किती अक्षरं उरली पाहिजेत याची मर्यादा घाला आणि अपवादांची यादी करा. शब्दाची फक्त पहिली काही अक्षरं ठेवणं हा धोपट मार्गही करून पाहा. कधीकधी तोच बरा चालतो.

## टप्पा ४: प्रश्न माणसांकडून आणा

हा माझ्या मते सगळ्या कामाचा कणा आहे, आणि हाच टप्पा गाळला जातो.

प्रश्न तुम्ही लिहिलेत आणि समोर कागद असला, तर नकळत कागदातलेच शब्द प्रश्नात येतात. मग शब्द जुळवणारा शोधही हुशार वाटतो. खरा मुंबईकर "डीम्ड कन्व्हेयन्सला काय लागतं" असं विचारतो, कागदात असतं "मानीव अभिहस्तांतरण". तो म्हणतो बिल्डर, कागद म्हणतो विकासक. तो म्हणतो स्टॅम्प ड्युटी, कागद म्हणतो मुद्रांक शुल्क. पागडीच्या खोलीत राहणारी आजी "आमची बिल्डिंग पडायला आली, आम्हाला कुठे पाठवणार" एवढंच विचारते. तिचं उत्तर ज्या कागदात आहे, त्यात "उपकरप्राप्त इमारत" आणि "संक्रमण शिबिर" असे शब्द आहेत. "पाचशे फुटांचं घर" कागदात "४६.४५ चौ.मी." होऊन बसलेलं असतं.

म्हणून प्रश्न अशा लोकांकडून घ्या ज्यांनी कागद पाहिलेलेच नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी, सेतू केंद्रात रांगेत उभे असलेले लोक, वाचनालयात येणारे निवृत्त कर्मचारी. गिरगावची चाळ, धारावी, बोरिवलीची सोसायटी, नायगावची बीडीडी वस्ती, सगळीकडचे घ्या, कारण प्रत्येक ठिकाणची अडचण वेगळी आणि शब्दही वेगळे. प्रश्न बोलला तसाच लिहून घ्या. कुणी मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहून दिलं, तर तेही तसंच ठेवा.

परवानगी विचारा, कशासाठी हवं ते सांगा. नाव, फोन, खोली क्रमांक लिहून घेऊ नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी घराच्या काळजीत असलेल्या माणसाची माहिती आपल्या वहीत पडून राहू नये.

किती प्रश्न? तुलनेसाठी ५० हा या क्षेत्रात रुळलेला किमान आकडा आहे. ८० गोळा करा. त्यातले ३० सरावाला, बाकीचे ५० परीक्षेला. शिवाय उत्तर तुमच्या कागदांत नाहीच, असे दहा-बारा प्रश्न मुद्दाम ठेवा.

सावधान: परीक्षेचे ५० प्रश्न आता बंद करा. फाइल मार्गदर्शकांकडे द्या. कामाच्या मधे त्यातला एकही प्रश्न पाहून नियम बदलला, तर तो प्रश्न सरावाच्या गटात गेला असं समजायचं.

## टप्पा ५: आधी साधा पाया

बीएम२५ हे शब्द जुळवणाऱ्या शोधाचं रुळलेलं सूत्र लावा. शब्द किती वेळा आला, किती दुर्मीळ आहे आणि कागद किती लांब आहे, एवढ्यावरच तो क्रम लावतो. त्याच्यात दोन आकडे असतात. ल्युसीन या शोधाच्या मुक्त प्रोग्राममध्ये ते मुळात १.२ आणि ०.७५ असतात. सरावाच्या प्रश्नांवर ते थोडे हलवून पाहा आणि पक्के करा. प्रत्यय कापून, न कापून, "वाचा" भाग वगळून असे तीन-चार प्रयोग करा.

हा पाया मनापासून चांगला करा. कच्च्या पायाशी तुलना करून आपलं मॉडेल श्रेष्ठ ठरवणं ही फसवणूक आहे, मग ती अजाणता का होईना.

## टप्पा ६: निवाडे

प्रत्येक प्रश्नाला कोणते कागद योग्य, हे माणसांनी ठरवायचं. सगळे कागद वाचणं अशक्य, म्हणून प्रत्येक पद्धतीने वर आणलेले पहिले वीस कागद एकत्र करा, पुनरावृत्ती काढा, क्रम विस्कटा आणि कोणता कागद कोणी आणला ते न सांगता दोघांना वाचायला द्या. निवाड्याच्या तीन पायऱ्या पुरतात: उत्तर देतो, संबंधित आहे, नाही. त्यांची व्याख्या उदाहरणांसह पानभर लिहा. "निर्णय रद्द झाला असेल तर?" याचं उत्तर त्या पानावर हवं.

दोघांचं किती जमतं ते मोजा, पण नुसते टक्के देऊ नका. समजा, होय आणि नाही अशा दोनच निवाड्यांत १०० जोड्या तपासल्या. ८५ वेळा दोघंही "नाही" म्हणाले, ५ वेळा दोघंही "होय", आणि १० वेळा मतभेद झाला, तोही पाच-पाच असा. सहमती ९० टक्के. पण बहुतेक कागद "नाही"च असल्यामुळे नुसत्या योगायोगानेही ८२ टक्के जमलंच असतं. योगायोगाची सहमती वजा करणाऱ्या कोहेनच्या कप्पा या मापाच्या हिशोबाने हाच आकडा ०.४४ येतो. म्हणजे व्याख्या अजून धूसर आहे. दोघांना समोरासमोर बसवा, मतभेद झालेले कागद वाचा, पान सुधारा आणि पुन्हा करा.

सावधान: नंतर आणलेलं मॉडेल असे कागद वर आणेल जे कोणी तपासलेलेच नाहीत. मोजणारा प्रोग्राम त्यांना मुकाट्याने "अयोग्य" धरतो आणि नवी पद्धत विनाकारण हरते. प्रत्येक नव्या पद्धतीचे पहिले दहा कागद तपासून होईपर्यंत आकडा जाहीर करू नका.

## टप्पा ७: आता मॉडेल

पुण्याच्या एल३क्यूबने मराठीसाठी केलेली मॉडेलं आहेत, गूगलचं म्युरिल आहे, एआय४भारतचं इंडिकबर्ट आहे. पवईच्या आयआयटीतल्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राचं मराठी शब्दजाळं (वर्डनेट) समानार्थी शब्दांसाठी उपयोगी पडतं. दोन किंवा तीन निवडा. सात मॉडेलांचा तक्ता दिसायला भारदस्त असतो, पण त्यातून समजत काहीच नाही.

बर्टच्या घराण्यातली बरीच मॉडेलं एका वेळी शब्दांचे ५१२ तुकडेच (टोकन) वाचतात, वाक्यासाठी घडवलेली काही त्याहूनही कमी. पुढचा मजकूर न सांगता कापला जातो. शासन निर्णयाच्या सुरुवातीला विभागाचं नाव, पत्ता, "वाचा" यादी आणि प्रस्तावना असते. मॉडेलने नेमकं एवढंच वाचलं आणि खरा आदेश वाचलाच नाही, असं सर्रास होतं. म्हणून कागदाचे परिच्छेद करा आणि प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर निर्णयाचा विषय व दिनांक जोडा. नाहीतर "वरीलप्रमाणे पात्र भाडेकरूंना" असा तुकडा एकटा पडतो आणि तो कोणत्या योजनेचा हे कोणालाच कळत नाही.

अर्थावर चालणारा शोध आणि बीएम२५ यांचे क्रम एकत्र करूनही पाहा. संकेतांक, कलम क्रमांक, तारीख असे प्रश्न आले की शब्द जुळवणारा शोधच कामाला येतो.

## टप्पा ८: उत्तर लिहिणारा भाग वेगळा मोजा

मोठं भाषामॉडेल जोडून उत्तर तयार करणार असाल, तर दोन मोजमापं एकत्र करू नका. योग्य परिच्छेद मॉडेलपर्यंत पोचला का, हे एक. पोचलेल्या परिच्छेदात जे आहे तेच उत्तरात आहे का, हे दुसरं.

शासन निर्णय जाहीर कागद आहेत, मॉडेलने ते प्रशिक्षणात आधीच वाचलेले असू शकतात. म्हणून तेच प्रश्न कागद न देताही विचारा. तसं विचारूनही बरोबर आलेली उत्तरं तुमच्या शोधाच्या खात्यावर मांडता येणार नाहीत. ज्यांची उत्तरं कागदांत नाहीत ते दहा-बारा प्रश्न इथेच उपयोगी पडतात. तिथे प्रणालीने "या कागदांत माहिती नाही" असं सांगितलं पाहिजे. घर जाण्याच्या भीतीत असलेल्या माणसाला आत्मविश्वासाने दिलेलं चुकीचं उत्तर फार महागात पडतं.

मॉडेलचं नाव, आवृत्ती, वापरल्याची तारीख आणि दिलेली सूचना शब्दशः नोंदवा. सेवा पुरवणारे मॉडेल बदलतात आणि मार्चचा निकाल मेमध्ये परत येत नाही.

## टप्पा ९: परीक्षा एकदाच, मग चुका वाचा

बंद फाइल आता उघडा. क्रमाची प्रत दाखवणारं एक मोजमाप आधीच निवडलेलं असू द्या, पहिल्या दहा कागदांवरचं एनडीसीजी (योग्य कागद जितका वर, तितके जास्त गुण) चालेल. सरासरीतला फरक पाहून विजय जाहीर करू नका. प्रत्येक प्रश्नावर दोन पद्धतींचे गुण शेजारी मांडा. मग प्रत्येक प्रश्नावर नाणं उडवून दोन पद्धतींचे गुण आपसांत बदलायचे आणि सरासरीतला फरक काढायचा, असं दहा हजार वेळा करा. तुमच्याएवढा किंवा मोठा फरक वारंवार दिसला, तर तुमचा फरक योगायोगाचा असू शकतो. मॉडेल स्वतः शिकवलं असेल, तर किमान पाच वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवातींनी (सीड) शिकवा आणि पाचही निकाल द्या.

मग बसून चुका वाचा. पन्नासही प्रश्न, एकेक करून. कारण लिहा: बोलीतला शब्द, रद्द झालेला निर्णय, स्कॅनमधली चूक, तुटलेला परिच्छेद, रोमन मराठी. प्रबंधाचं सगळ्यात मोलाचं प्रकरण यातून निघतं आणि परीक्षक तेच आधी उघडतात. तुमची पद्धत हरली असेल, तर तेही तितक्याच जागेत लिहा. टप्पा १ मधल्या वाक्याला "नाही" हे उत्तर आलं, तर ते उत्तरच आहे.

## टप्पा १०: फोल्डर दुसऱ्याच्या हाती द्या

कागदांची वही, साफसफाईचे नियम, प्रश्न, निवाडे, व्याख्येचं पान, प्रोग्राम आणि आवृत्त्यांची यादी एका फोल्डरमध्ये ठेवा. निर्णयांत कर्मचाऱ्यांची किंवा लाभार्थ्यांची नावं असतील, तर जाहीर करायच्या प्रतीतून ती झाका.

तपासणी: तोंडी परीक्षेच्या दोन आठवडे आधी हे फोल्डर पुढच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला द्या, त्याच्याच संगणकावर, आणि शेजारी बसा. बोलू नका. तो जिथे अडेल तिथे तुमच्या नोंदींत एक ओळ कमी आहे, ती लगेच लिहा. त्याच्या पडद्यावर तुमच्या तक्त्यातलाच आकडा आला की छपाईला द्या.